स्पोर्ट्स कार घरी सांभाळणारे: चालवता जास्त की पुसता जास्त?

दोन_दारी (धागाकर्ता)

मंडळी, गाडी घेऊन दीड वर्ष झालं. दोन दारं, दोन सीटा, इंजिन पाठीमागे. घेतली तेव्हाच सात वर्षं वापरलेली होती. मॉडेल मुद्दामच सांगत नाही, नाहीतर पुढचे पन्नास प्रतिसाद 'हीच का घेतली' यावर जातील.

परवा सहज हिशेब केला. गेल्या महिन्यात गाडी चालवली एकूण चार तास. पुसली किती, धुतली किती, टॉर्च घेऊन तिच्याभोवती फिरलो किती, ते मोजायचं सोडून दिलं. बायको विचारते, "गाडी तू ठेवलीयस की गाडीने तुला?"

मजा येत नाही असं अजिबात नाही. फिरून आलो, इंजिन बंद केलं, की गरम धातू निवताना टिक् टिक् करत राहतो. तो आवाज ऐकत मी गॅरेजमध्ये पाच-दहा मिनिटं उगाच उभा असतो. पण बाहेर काढायची म्हटली की छातीत धस्स होतं. दगड उडेल, कोणी दार आपटेल, खड्ड्यात रिम वाकेल.

सध्याची माझी पद्धत अशी: वर जाड कव्हर. दर रविवारी जागेवरच दहा मिनिटं सुरू ठेवतो, म्हणजे बॅटरी उतरत नाही. ऑईल वर्षातून एकदा वर्कशॉपमध्ये. टायरची नक्षी अजून भरपूर आहे, त्यामुळे तो खर्च इतक्यात नाही.

तुम्ही घरच्या घरी काय काय करता? कशाला हात लावत नाही? आणि रोज काढता की ठेवणीत ठेवता?

नुसता बघ्या

माझ्याकडे गाडी नाही, गॅरेजही नाही. तरी खुर्ची टाकून बसलो आहे. चालू द्या.

पिस्टनपंत

दोन_दारी, आधी ते रविवारचं दहा मिनिटांचं पुण्यकर्म बंद करा.

पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. इंजिन गार असताना त्यातलं थोडं आणि थोडं न जळलेलं पेट्रोल पिस्टनच्या कडेने उतरून ऑईलमध्ये मिसळतं. एरवी ऑईल चांगलं तापलं की ते उडून जातं. दहा मिनिटं जागेवर उभ्या गाडीत कूलंटचा काटा मधोमध येतो आणि आपल्याला वाटतं गाडी तापली. ऑईल तेव्हा बरंच मागे असतं. सायलेन्सरचीही तीच गत. आत पाणी धरतं आणि दर आठवड्याला त्यात तुम्ही नवी भर घालता.

राहिली बॅटरी. स्टार्टरने एका दमात खेचलेली वीज आणि वर पंखे, दिवे, पंप यांचा खर्च. एवढं सगळं दहा मिनिटांच्या आयडलिंगवर भरून निघेल याचा काही भरवसा नाही. दर रविवारी थोडीथोडी तूटच पडत जाते.

सुरू केलीत तर अर्धा-पाऊण तास नीट फिरवून आणा. ते जमणार नसेल तर हातच लावू नका आणि बॅटरीला मेंटेनर, म्हणजे कायम लावून ठेवायचा छोटा चार्जर, जोडून ठेवा. तो बॅटरी भरली की आपोआप हात आखडता घेतो.

सहावा गिअर

असहमत. आमच्या वडिलांनी वीस वर्षं गाडी अशीच जागेवर सुरू करून सांभाळली. काही झालं नाही.

पिस्टनपंत

@सहावा गिअर, वडिलांच्या गाडीत कुलूप लावल्यावर काय जागं राहत होतं? फार तर घड्याळ. आताच्या गाडीत अलार्म, रिमोटची वाट बघणारा रिसीव्हर आणि डझनावारी कंट्रोलर असतात. झोपल्यासारखे दिसतात, पण एक डोळा उघडाच.

मल्टिमीटर असेल तर गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी मोजा. १२.६ व्होल्ट किंवा वर असेल तर निवांत. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली. १२ च्या खाली गेली तर सकाळी नुसती टकटक ऐकू येणार. आणि बॅटरी वारंवार तळाला गेली की तिचं आयुष्यच घटतं.

वळणवेडी

बॅटरीचा विषय निघालाच आहे तर माझी फजिती ऐका.

माझ्या गाडीचं इंजिन मागे, त्यामुळे डिकी पुढे आणि बॅटरी त्या डिकीत. डिकीचं कुलूप विजेवर उघडतं. गाडी पाच आठवडे उभी होती. बॅटरी ठार. आता बॅटरीला चार्जर लावायचा तर डिकी उघडायला हवी, आणि डिकी उघडायची तर बॅटरी हवी! किल्ली तिजोरीत ठेवून तिजोरी लावून घेतल्यासारखं झालं. मी बंपरच्या फटीतून काही दोरी-बिरी सापडते का बघत जमिनीवर आडवी, आणि शेजारचे काका विचारतायत, "काही पडलंय का?"

शेवटी रात्री मॅन्युअल उघडलं. पायाशी फ्यूजच्या डब्यात एक धातूची पट्टी असते. ती बाहेर ओढायची, तिला दुसऱ्या बॅटरीचा प्लस जोडायचा, मायनस दाराच्या कडीच्या लोखंडाला. एवढ्या विजेवर कुलूप 'टक्' करून उघडतं. दहा मिनिटांचं काम. मी त्यापायी दोन दिवस रडले होते.

ज्यांच्याकडे अशी रचना आहे त्यांनी मॅन्युअलमधलं ते पान आजच बघून ठेवा. आणि मॅन्युअल त्याच डिकीत ठेवू नका :)

मागची सीट

हसून हसून पुरेवाट! 'काही पडलंय का'ला उत्तर: हो काका, बॅटरी पडलीय.

निळी बादली

मी धुण्यापुसण्यावर लिहितो, तोच माझा प्रांत.

धागाकर्ते, कव्हर कसं घालता? वर धूळ असताना घातलंत तर ते कव्हर नव्हे, पॉलिश पेपर. काढताना-घालताना धूळ रंगावर रगडली जाते. ऊन तिरपं आलं की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल चक्रं दिसतात ना? त्यातली बहुतेक रस्त्यावर पडत नाहीत, आपणच प्रेमाने पाडतो. कोरड्या फडक्याने 'जरा धूळ झटकतो' म्हणणारा माणूस गाडीचा पहिला शत्रू.

माझी रीत अशी. आधी नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने सैल माती उतरवायची. मग दोन बादल्या, एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात खळबळून काढायचा आणि मगच पुन्हा शाम्पूत. साध्या पाण्याच्या बादलीत तळाला जाळी ठेवा, म्हणजे बसलेली रेती मोज्याबरोबर वर येत नाही. वरून खाली यायचं. चाकांना वेगळी बादली, वेगळा मोजा. चाकांचा मोजा बॉनेटला लागला तर मी स्वतःला माफ करत नाही.

रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ. पॉलिश म्हणजे तो थर थोडा घासून चरे सपाट करणं. दर दोन महिन्यांनी मशीन फिरवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. एकदा गेलेला थर परत येत नाही.

गाडी धुऊन कोरडी झाली की पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बोटं रंगावरून अलगद फिरवा. नुसत्या हाताला जे गुळगुळीत लागतं ते पिशवीतून खरखरीत लागतं. ब्रेकचे लोखंडी कण, डांबर, झाडाचा चीक, सगळं समजतं. मग क्ले बार, म्हणजे हे चिकटलेले कण ओढून काढणारी मऊ वडी, काढायचा.

सहावा गिअर

दोन बादल्या, दोन मोजे, जाळी, पिशवी. गाडी धुताय की ऑपरेशन करताय?

निळी बादली

भूल देत नाही एवढाच फरक.

रोजचा प्रवासी

मी या धाग्यावरचा पापी माणूस. माझी गाडी रोज कामाला जाते. पाऊस असो, ट्रॅफिक असो. बॉनेटवर खड्यांचे एकवीस टवके आहेत, मोजलेले आहेत, आणि पुढच्या बंपरची हनुवटी खालून पार सोलवटलेली आहे.

लोक म्हणतात असल्या गाड्या रोजच्या नसतात. १९९० मध्ये होंडाने एनएसएक्स काढली तीच मुळी हे खोटं पाडायला. अॅल्युमिनियमची बॉडी, इंजिन मध्ये, आणि तरी बाहेरचं सगळं नीट दिसतं, क्लच पाय मोडत नाही, एसी काम करतो. त्याच्या आधीच्या जमान्यातल्या लॅम्बोर्गिनी काऊंटाशमध्ये मागचं दिसायचंच नाही. ड्रायव्हर दार वर करून उंबऱ्यावर बसायचा आणि मान मागे वळवून रिव्हर्स घ्यायचा.

गतिरोधकावर आणि उताराच्या तोंडाशी गाडी तिरकी घ्या, एकेक चाक चढवा. पुढून उचलायची सोय असेल तर बटण दाबायला लाजू नका. पार्किंगमध्ये खांबाशेजारची जागा धरा, एक बाजू तरी सुरक्षित.

सुख विचाराल तर गाडी जोरात पळते तेव्हाचं नाही. सकाळी साडेसहाला रिकाम्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना पाठीमागून जो सूर येतो तो. वेग चारचौघांसारखाच. आणि सिग्नलला शेजारच्या गाडीतलं पोरगं काचेला नाक लावून बघतं तेव्हा. एकदा एकाला हाताने खूण केली, 'आवाज काढू का?' त्याने मान हलवली. मी पायाने जरासं दाबलं. त्याचा चेहरा बघायला हवा होता. त्याच्या आईचाही.

वळणवेडी

+१. उभी गाडी जास्त खराब होते. सील वाळतात, टायर एका जागी चपटे होतात, ब्रेकच्या डिस्कवर गंज चढतो, उंदीर वायर कुरतडतात. माझ्या एअर फिल्टरच्या डब्यात एकदा पालापाचोळ्याचं अख्खं घरटं निघालं होतं. भाडेकरू सुदैवाने सोडून गेले होते.

सहावा गिअर

उंदरांनाही लक्झरीच लागते.

बादवे, सकाळी साडेसहाला सूर ऐकणाऱ्यांनी शेजाऱ्यांचा विचार करावा. माझी गाडी सुरू होताच आधी डरकाळी फोडते, मग अर्ध्या मिनिटाने शांत. बिघाड आहे का?

पिस्टनपंत

बिघाड नाही. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गार असताना काम करत नाही, त्याला काही शे अंश तापमान लागतं. म्हणून कॉम्प्युटर मुद्दाम आयडल वाढवतो आणि ठिणगी उशिरा टाकतो, म्हणजे गरम धूर लवकर तिकडे पोचतो. शेजाऱ्यांना सांगा, तुमच्याच शुद्ध हवेसाठी चाललंय.

सुरू केल्यावर रेस करत उभं राहू नका. लगेच निघा आणि ऑईल ८० अंशांच्या पुढे जाईपर्यंत नरमाईने चालवा.

तेलकट हात

कामात होतो, उशिरा आलो. मी ऑईल घरीच बदलतो. सहा वर्षं झाली.

साध्या गाडीला चार लिटर लागत असेल तर माझ्या सहा सिलिंडरला आठच्या आसपास लागतं. पहिल्या वेळी मी पाच लिटरचं भांडं ठेवलं होतं. पुढचं सांगायची गरज नाही. फरशीवरचा तो डाग आमच्या घरी अजून माझ्या नावाने ओळखला जातो.

खरी अडचण ऑईलची नाहीच, गाडीखाली शिरण्याची आहे. नेहमीचा जॅक खाली जातच नाही. दोन फळ्यांवर चाकं चढवून आधी गाडी थोडी उंच करायची, मग बुटका जॅक सरकवायचा. जॅक लावायच्या जागा ठरलेल्या असतात. मध्ये रबराची जाड चकती ठेवा, नाहीतर कड दुमडते. गाडी उचलली की स्टँड लावल्याशिवाय डोकं काय, बोटही आत घालायचं नाही. जॅक हा उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. हे एवढं एकच मी ओरडून सांगेन.

पोटाखालचं प्लास्टिकचं आवरण काढताना स्क्रू सुटतात, लांबी वेगवेगळी. मी पुठ्ठ्यावर गाडीचा आकार काढतो आणि जो स्क्रू जिथला तिथे टोचून ठेवतो. असं करूनही एकदा शेवटी एक स्क्रू उरला. सगळं पुन्हा खोललं. सगळे जागेवर होते! मग तो कुठला, हे कोडं आजवर सुटलेलं नाही. डबीत ठेवलाय.

ड्रेन प्लगचा वॉशर दर वेळी नवा घाला. प्लग 'हाताला लागेल तेवढा' आवळू नका, टॉर्क रेंच वापरा. चाकांच्या नटांनाही. बऱ्याच पोर्शेंना १३० न्यूटन मीटर, नंतरच्यांना १६०. तुमच्या पुस्तकात असेल तोच आकडा खरा. काम झालं की रेंच सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, नाहीतर स्प्रिंग थकते.

हात लावत नाही ते म्हणजे एअरबॅग, गिअरबॉक्स आणि टायमिंग बेल्ट. फेरारी ३५५ चा बेल्ट बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. ते घरी करणाऱ्यांना माझा दंडवत.

आजोबांची_९११

@तेलकट हात, ऑईल मोजण्यातही गंमत असते. हवेवर थंड होणाऱ्या जुन्या पोर्शे ९११ चं (तो प्रकार १९९८ मध्ये संपला) ऑईल एका वेगळ्या टाकीत असतं. गार गाडीत काडी बुडवली की कोरडी येते. घाबरून माणूस लिटरभर ओततो आणि मग गाडी धूर सोडते. ते मोजायचं इंजिन पूर्ण तापल्यावर, सपाट जागी, गाडी चालू ठेवून. मी हे कसं शिकलो ते विचारू नका.

मागची सीट

अवांतर: पोर्शेची किल्ली स्टिअरिंगच्या डावीकडे का असते? शर्यतीत पळत येऊन डाव्या हाताने सुरू करायची आणि उजव्याने गिअर टाकायचा म्हणून, हे खरं का?

आजोबांची_९११

असं सांगतात खरं. फ्रान्समधल्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ड्रायव्हर रस्त्यापलीकडून पळत येऊन गाडीत बसत. पण १९६९ च्या शर्यतीत ड्रायव्हर जॅकी इक्स या पद्धतीचा निषेध म्हणून चालत चालत गेला, शांतपणे पट्टा बांधला आणि सगळ्यांच्या शेवटी निघाला. चोवीस तासांनी तोच जिंकला, सुमारे १२० मीटरने. दुसरी कोण आली? पोर्शे ९०८. पुढच्या वर्षीपासून पळत येणं बंद.

मागची सीट

म्हणजे किल्ली डावीकडे असूनही चालत येणाऱ्याकडून हरले. जबरी!

निळी बादली

अवांतरात भर. स्टिअरिंगवर जे मऊ लव असलेलं कापड असतं, अल्कान्टारा, त्याला चामड्याचं क्रीम लावणारे आहेत. ते चामडं नाहीच. पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेन आहे, १९७० मध्ये जपानमध्ये शोधलेलं. ओलसर फडकं आणि मऊ ब्रश, बस. हाताच्या तेलाने लव चिकटून चकाकायला लागली की समजा धुणं राहून गेलंय.

टॉर्कमोजणी

सगळे ऑईल-ऑईल करतायत, ब्रेक फ्लुइडचं कोणी बोलत नाही. डॉट ४ दर्जाचं फ्लुइड नवं असतं तेव्हा किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ते हवेतलं पाणी शोषतं. पाणी मुरलेल्या अवस्थेत मानकानुसार हा आकडा १५५ पर्यंत उतरलेला चालतो. लांब उतारावर ब्रेक तापले की आत वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं आत जातं. गाडी उभी असली तरी पाणी मुरतच राहतं, त्यामुळे किलोमीटर मोजू नका, दर दोन वर्षांनी बदला. रंगावर सांडलं तर रंग उचलतं, शेजारी पाण्याची बाटली हवीच.

सिरॅमिक ब्रेक डिस्कवाल्यांनी चाक काढताना नटांच्या जागी गाइड पिना लावाव्यात. चाक सटकून डिस्कच्या कडेवर आपटलं तर टवका उडतो, आणि मग नवी डिस्क.

आता मूळ मुद्दा. धागाकर्त्यांनी लिहिलंय, 'टायरची नक्षी अजून भरपूर आहे.' कुठून बघितली? या गाड्यांची मागची चाकं वरून आत झुकलेली असतात, वळणावर पकड मिळावी म्हणून. सरळ रस्त्यावर भार आतल्या कडेवर जास्त. बाहेरून उभं राहून बघितलं तर टायर नवा कोरा, आतून गोटा. जमिनीवर आडवे व्हा, नाहीतर फोन चाकामागे धरून व्हिडिओ काढा.

आणि टायरवर DOT अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात, ते वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर म्हातारं होतंच.

नुसता बघ्या

धागाकर्ते गायब झाले. गॅरेजमध्ये आडवे असणार.

दोन_दारी (धागाकर्ता)

बघ्या, बरोबर ओळखलंत. आडवाच होतो.

टॉर्कमोजणी, तुमचे पाय कुठे आहेत? मागचा डावा टायर बाहेरून सहा मिलिमीटर. आतल्या कडेला फोन धरून व्हिडिओ काढला आणि आधी वाटलं कॅमेरा हलला. दोन बोटं रुंद पट्टा तुळतुळीत, आणि एका जागी रबरातून बारीक तारा डोकावतायत. उजवा जरा बरा. गेल्या आठवड्यात याच टायरवर मी बायकोला हायवेने नेऊन आणलं.

चार आकडेही वाचले. टायर गाडीच्याच वयाचे निघाले, म्हणजे पहिल्या मालकाचेच. दीड वर्ष मी त्यांना न चुकता काळं पॉलिश लावत होतो.

मागचे दोन्ही मागवलेत, पुढचे त्यांच्यानंतर. सोबत अलाइनमेंट. मेंटेनर लावला. व्होल्टेज निघालं १२.१, तेव्हा पिस्टनपंत, रविवारचं पुण्यकर्म बंद. कव्हर घडी करून माळ्यावर.

पिस्टनपंत

नव्या टायरवर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून. वरचा गुळगुळीत थर उतरेपर्यंत पकड पूर्ण येत नाही.

दोन_दारी (धागाकर्ता)

दोन-तीनशे म्हणजे माझ्या आजवरच्या वेगाने तीन महिने. तेवढ्यासाठी तरी रोज काढावी लागणार. सोमवारपासून कामाला तीच नेतोय.

रोजचा प्रवासी

खांबाशेजारची जागा धरा. आणि पहिला टवका उडाला की इथे कळवा.

निळी बादली

नको, मला कळवू नका.